होलीचं कुंपण खालून बोडकं झालंय, छाटणी कधी आणि कशी करावी? (जळगाव)

गिरणाकाठ (५ मार्च)
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर जळगावात जुनं घर घेतलं, अंगणाला रस्त्याच्या बाजूने आधीच्या मालकांनी होलीचं कुंपण लावलेलं आहे. नर्सरीवाले याला होलीच म्हणतात, नखाएवढी चकचकीत गर्द हिरवी पानं, पानाच्या कडेला काटे, आणि बारीक फिक्कट गुलाबी फुलं येतात. उंची साधारण साडेतीन फूट. वरून पाहिलं तर एकदम गच्च, पण गुडघ्याच्या खाली नुसत्या काड्या, कुत्री आरपार ये-जा करतात. शेजारी सांगतात की आधीचा माळी दर महिन्याला यायचा आणि माथ्यावर कात्री फिरवून जायचा, त्यामुळे माथा टेबलासारखा सपाट आहे आणि वरचा भाग खालच्यापेक्षा रुंद झालाय.

आता एक माळी म्हणतो बुडापासून कापून टाका, दुसरा म्हणतो उपटून दुसरं लावा. मला उपटायचं नाहीये. इतकी वर्षं जळगावचं ऊन खाऊन जे झाड उभं आहे त्याला आपण आकार देऊ शकत नाही म्हणून काढून टाकायचं हे मला पटतच नाही. तर कधी कापू, किती कापू आणि खालून परत पानं येतील का?

भुसावळ_जंक्शन
उपटी टाक भो, डुरांटा लाव. दोन पावसाळ्यात भिंत तयार.

गिरणाकाठ
भाऊ, उपटायचं नाही असं वरच लिहिलंय 🙂

निशिगंध
डुरांटाची ती पिवळी फळं विषारी असतात, घरात लहान मुलं असतील तर विचार करून लावा. नियमित कापलेल्या कुंपणाला फळं फारशी धरत नाहीत हे खरं, पण एखादी फांदी सुटतेच आणि मुलांचं लक्ष नेमकं तिथेच जातं.

सातपुडा_वारा
गिरणाकाठ, आधी एक बघून घ्या. फांदीवर पानं समोरासमोर जोडीने आहेत का एकाआड एक? जोडीने असतील तर ते मालपीगिया कॉक्सीजेरा, ज्याला सिंगापूर होली म्हणतात. मूळचं कॅरिबियन बेटांकडचं, आपल्याकडे कुंपणाला आणि बोन्सायला वापरतात. युरोपातली खरी होली म्हणजे इलेक्स, तिची पानं एकाआड एक असतात आणि फुलं बारीक पांढरी. इलेक्स जळगावच्या उन्हात टिकणार नाही. आपल्या देशात तिचे भाऊबंद हिमालयात आणि नीलगिरीत आहेत, बहुतेक थंड हवेचे.

हे विचारायचं कारण असं की नेटवर होली प्रूनिंग म्हणून जे व्हिडिओ सापडतात ते सगळे इलेक्सचे असतात. त्यातले महिने बघून तुम्ही ऐन उन्हाळ्यात किंवा भर थंडीत कापायला जाल.

गिरणाकाठ
आत्ताच जाऊन बघितलं, जोडीने आहेत.

सातपुडा_वारा
मग मालपीगियाच. चांगली बातमी म्हणजे हे झाड छाटणी सोसतं, बोन्सायवाले उगाच घेत नाहीत. वाईट बातमी म्हणजे वाढ हळू आहे. डुरांटा चूक माफ करतो, हे झाड ती वर्ष-दीड वर्ष दाखवत राहतं.

चाळीसगाव_ते_लीड्स
माझ्या दारात खरी होली आहे, इलेक्स ॲक्विफोलियम, म्हणून लिहितेय. इकडे कुंपणाची होली ऑगस्टमध्ये कापतात, म्हणजे कोवळी फूट पक्की होते आणि थंडीच्या आत जखमा भरतात. सुटं झाड असेल तर थंडी सरता सरता. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, लाल फळं फक्त मादीला. आणि गंमत म्हणजे ‘गोल्डन किंग’ नावाची जात मादी आहे आणि ‘सिल्व्हर क्वीन’ नर! मी फळांच्या आशेने ‘सिल्व्हर क्वीन’ घेणाऱ्या दोन शेजारणींना थांबवलंय.

फुलं मागच्या वर्षीच्या फांदीवर येतात, म्हणून सगळीकडून सारखी कात्री फिरवली की हिरवं कुंपण मिळतं पण फळं जातात. इथले जुने माळी होलीला मोठी कात्री लावतच नाहीत, सिकेटरने (फांद्या कापायची एका हाताची कात्री) एकेक फांदी आतपर्यंत जाऊन कापतात. मोठ्या कात्रीने पानं अर्धी कापली जातात आणि कडा तपकिरी पडून महिनाभर घाण दिसतात. महिने आमचे नका घेऊ, पण सिकेटरची पद्धत घ्या. आणि जाड हातमोजे घाला, गळलेली वाळकी पानं हिरव्यापेक्षा जास्त टोचतात.

पिंपळनेर_पाखरू
ताई, लीड्सला राहून चाळीसगाव नाव लावता हे लई भारी वाटलं.

चाळीसगाव_ते_लीड्स
पाटणादेवीच्या डोंगरात लहानपण गेलंय, नाव कसं सोडू?

धुळ्याचा_मिस्त्री
मी बांधकामातला माणूस, पण घरचं मेंदीचं कुंपण पंधरा वर्षं मीच कापतो. गिरणाकाठ भाऊ, तुमचा रोग मला वाचल्या वाचल्या कळला. वर रुंद खाली अरुंद. माथा छत्रीसारखा पसरला की खालच्या फांद्यांवर ऊन येत नाही, आणि ज्या फांदीला ऊन नाही तिची पानं झाड स्वतःच गाळून टाकतं. कितीही खत घाला, सावलीत पान येणार नाही.

कुंपण नेहमी खाली रुंद, वर निमुळतं पाहिजे. तुमचं साडेतीन फुटाचं आहे तर बुडाला दोन फूट आणि माथ्याला दीड फूट धरा, दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच उतार. नजरेने होत नाही, फसतं. दोन्ही टोकाला बांबू रोवा आणि माथ्याच्या मापाला सुतळी ताणा, बुडाच्या मापाला दुसरी सुतळी. मधेमधे ओळंबा सोडून बघायचं म्हणजे कुठे पोट आलंय ते लगेच दिसतं. आधी बाजू कापा, खालून वर जात. माथा शेवटी.

अमळनेरची_मावशी
मिस्त्री दादांनी उताराचं बरोबर सांगितलं. मी त्यात फांदीच्या डोळ्यांचं, म्हणजे जिथून नवी फूट निघते त्या कोंबांचं, घालते.

शेंड्यात ऑक्सिन नावाचं द्रव्य तयार होतं, ते खाली उतरतं आणि बगलेतल्या डोळ्यांना झोपवून ठेवतं. शेंडा कापला की डोळे जागे होतात. पण कुठले जागे होतात? जिथे कापलं त्याच्या लगेच खालचे दोन-चार. बुडाचे नाही. म्हणून जो माळी दर महिन्याला फक्त माथ्यावर कात्री फिरवतो तो दर महिन्याला फक्त माथाच दाट करत असतो. बाहेर चार बोटांचं पानांचं कवच आणि आत रिकामं. हात घालून बघा, तुमच्याकडे हेच निघेल.

खाली पान पाहिजे तर खालीच कापावं लागतं. कुंपणाच्या कवचात दर हातभर अंतरावर एकेक फांदी निवडा, सिकेटर आत घाला आणि ती फांदी वीतभर आत, पानांच्या जोडीच्या किंवा बारीक डोळ्याच्या वर कापा. कवचाला खिडकी पडते, त्यातून ऊन आत जातं. लांबून कुणाला कळतही नाही काही कापलंय म्हणून. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त हिरवं काढायचं नाही, हे पक्कं धरा.

वरणगाव_वाडी
एवढं नाजूक कशाला करताय? मी आमच्या बांधावरचं कोयनेलचं कुंपण कोयत्याने जमिनीपासून वीतभर ठेवून उडवलं होतं, पावसाळ्यात असं फुटलं की बोलू नका. आत्ता मार्चमध्ये वसंताची फूट येतेच आहे, जोर आहे झाडात, आत्ताच कापा सगळं.

अमळनेरची_मावशी
दादा, कोयनेल ते कोयनेल, त्याला जाळलं तरी फुटेल. मालपीगिया हळू चालतं हे वर सातपुडा_वारा यांनी लिहिलंय. वीतभर ठेवून उडवलं तर दोन-तीन वर्षं रस्त्याला खुंटं बघत बसायची.

आणि मार्चला माझा सक्त विरोध. नेटवरचा मार्च थंड देशाचा असतो. आपल्याकडे मार्चनंतर एप्रिल-मे येतो, आणि जळगाव-भुसावळ ४५ अंशाला जातं. आतल्या ज्या फांद्यांनी इतकी वर्षं ऊन बघितलं नाही त्यांची साल त्या उन्हात भाजते, तडकते, आणि तडकलेल्या सालीत बुरशी शिरते. कोवळी फूट तर करपूनच जाते.

वरणगाव_वाडी
मान्य, कोयनेल चिवट आहे. पण ताई, मार्चमध्ये छाटून ठिबक चालू ठेवलं आणि हिरवी जाळी बांधली तर? डाळिंबवाले बहार धरताना छाटणी करतातच की.

अमळनेरची_मावशी
करतात, पण त्यांचं रोज बागेत लक्ष असतं आणि पाण्याचा हिशोब बसवलेला असतो. रस्त्याच्या कडेचं कुंपण, पश्चिमेचं ऊन, वर कॉंक्रिटचा भपका. जाळी बांधून जमेलही, पण पाणी ओतून ओढत आणण्यापेक्षा तीन महिने थांबलेलं बरं. आत्ता फक्त वाळलेल्या काड्या काढा आणि सुतळी धरून माथ्याच्या बाहेर आलेल्या कडा हलक्या आत घ्या. मोठी छाटणी आखाजी (अक्षय तृतीया) होऊन, मृगाचे दोन चांगले पाऊस पडले की. तेव्हा ढगाळ असतं, हवेत ओल असते, आणि जून ते सप्टेंबर झाडाला वाढायला मिळतात.

पिंपळनेर_पाखरू
बरोबर शे मावशी. आते उन्हाया, नको हात लावू भो.

लिंबूवाला_पाचोरा
धाग्यात कुणीतरी उपटून कामिनी लावा म्हणायच्या आत मीच लिहितो. जळगाव, पाचोरा, भडगाव, जामनेर या पट्ट्यात मोसंबी-लिंबू असलेल्यांनी बागेजवळ कामिनीचं कुंपण लावू नका. कामिनी म्हणजे कुंती, लिंबाच्याच कुळातली. सिट्रस सायला कीड तिच्यावर आनंदाने राहते, आणि हीच कीड ग्रीनिंग रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. ती अंडी घालते फक्त कोवळ्या फुटीवर. आता विचार करा, कुंपण म्हटलं की वारंवार कात्री, वारंवार कात्री म्हणजे वारंवार कोवळी फूट. म्हणजे आपण बारा महिने तिचं पाळणाघर चालवतो.

निशिगंध
अरे बाप रे, हे माहीत नव्हतं. माझ्या बंगल्याला कामिनीच आहे, पण आसपास बाग नाही, फक्त कुंडीत एक कागदी लिंबू आहे. काढू का?

लिंबूवाला_पाचोरा
ताई, जवळपास बागा नसतील तर काढू नका, कामिनीचा वास पावसाळ्यात संध्याकाळी कुठे मिळतो परत. फक्त कोवळ्या फुटीची पानं उलटी करून बघत जा. वाकड्या वळलेल्या शेंड्यावर पिवळसर चपटी पिल्लं आणि मेणासारखे पांढरे धागे दिसले की शेंडा खुडून नष्ट करा, निंबोळी अर्क मारा. आणि लिंबाची कुंडी जरा लांब ठेवा.

शिरपूर_घाट
छाटणीच्या आधी घरटी बघा ही माझी हात जोडून विनंती. बुलबुल अशाच कमरेएवढ्या गच्च झुडपात वाटीसारखं घरटं करतो, पावसाळ्यात शिंपी पक्षी दोन पानं शिवून त्यात करतो. नेमकी तुमची मृगाची छाटणी आणि त्यांची पिल्लं एकाच वेळी येऊ शकतात. दोन दिवस लांब बसून बघायचं, एखादा पक्षी सारखा त्याच जागी शिरतोय का. घरटं दिसलं तर तेवढा दोन हाताचा तुकडा सोडून बाकीचं कापा. तीन-चार आठवड्यात पिल्लं उडून जातात, तुकडा नंतर कापला तर कुंपणाचं काही बिघडत नाही.

चाळीसगाव_ते_लीड्स
शिरपूर_घाट यांना शंभर टक्के. इकडे १९८१ च्या कायद्याने वापरातलं घरटं मोडणं गुन्हा आहे, म्हणूनही लोक ऑगस्टची वाट बघतात.

भुसावळ_जंक्शन
मला एक सांगा, एवढ्या काड्या निघतील त्या वाया का घालवायच्या, हिवाळ्यापर्यंत वाळवा आणि भरीत भाजायला घ्या. धागाकर्त्याच्या अंगणात भरीत पार्टी!

पिंपळनेर_पाखरू
वांगी मी आणतो. कळण्याची भाकरी कोण आणणार?

अमळनेरची_मावशी
पार्टीला येईन, पण कुंपणाच्या काड्यांवर भाजलेलं भरीत मी खाणार नाही आणि कुणाला खाऊ देणार नाही. मिश्र कुंपणात कण्हेर असते, तिची काडी, पान, धूर सगळं विषारी. वाळल्यावर कुठली काडी कशाची ते ओळखू येत नाही. भरताला कपाशीच्या पऱ्हाट्या नाहीतर तुरीच्या काड्या, दुसरं काही नाही. छाटलेलं बारीक करून खड्ड्यात घाला, मालपीगियाची जाड पानं कुजायला वेळ लागतो म्हणून वर शेणकाला शिंपडा.

धुळ्याचा_मिस्त्री
हत्याराचं कुणीच बोललं नाही. सिकेटरला धार नसेल तर फांदी कापली जात नाही, चेंगरते, आणि चेंगरलेली जखम काळी पडते. कानस नेहमी एकाच दिशेने, तिरकस बाजूनेच फिरवायची, सपाट बाजू घासायची नाही. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. अंगठ्याएवढ्या जाड फांद्या कापल्या तर जखमेवर बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावा, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. तुम्हाला तेवढी लागणार नाही, १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १ लिटर पुरेल. प्लास्टिकच्या बादलीत करा, लोखंडी नको, आणि त्याच दिवशी वापरून टाका.

गिरणाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नीट कुठल्याच माळ्याने सांगितलं नव्हतं. आत्ता फक्त वाळकं काढतो आणि बुडाशी आच्छादन घालतो, केळीची वाळकी पानं भरपूर मिळतात. बाकी मृगात.

गिरणाकाठ (२१ जुलै)
धागा वर काढतोय. जून अखेरीस पाऊस लागला तेव्हा छाटणी केली. मिस्त्री दादांची सुतळी आणि ओळंबा, मावशींच्या खिडक्या, लीड्सच्या ताईंचं सिकेटर, सगळं वापरलं. माथा साधारण सात-आठ इंच खाली घेतला. रस्त्याकडच्या टोकाला खरंच बुलबुलाचं घरटं निघालं, तेवढा भाग सोडला, पिल्लं उडाल्यावर परवा तोही कापला.

अंगणाच्या बाजूने, जिथे सकाळचं ऊन येतं, बुडाच्या काड्यांवर मोहरीएवढे हिरवे ठिपके दिसताहेत, काही ठिकाणी दोन-दोन पानं उघडलीत. रस्त्याच्या बाजूने मात्र अजून काहीच नाही. त्या बाजूच्या काही काड्या नखाने खरवडल्या तर आत हिरवं आहे, दोन-तीन मात्र आत तपकिरी निघाल्या. आता त्या बाजूला अजून खोल कापू का?

वरणगाव_वाडी
भाऊ भारी काम केलं. मी मार्च म्हणत होतो, पण हे ठिपके बघून मावशींचं ऐकलं ते बरं झालं.

अमळनेरची_मावशी
वाचून फार बरं वाटलं. अजून खोल नको. हिरवं आहे ते फुटेल, वेळ द्या. तपकिरी निघालेल्या काड्या मात्र बुडापर्यंत काढून टाका, त्या उगाच सावली करतात. रस्त्याच्या बाजूची मोठी छाटणी पुढच्या पावसाळ्यात करा, तोवर अंगणाची बाजू झाडाला पोसेल. दोन्ही बाजू एकाच वर्षी उघड्या करू नका.

सातपुडा_वारा
जी जागा अगदीच मेली आहे तिथे दाब कलम करता येईल. बाजूची खालची लवचिक फांदी मातीत वाकवून आकड्याने दाबायची, वर ओली माती आणि दगड. मुळं धरायला वेळ लागतो, पण त्याच झाडाची फांदी असल्यामुळे पानात फरक दिसत नाही.

गिरणाकाठ
हे करून बघतो. आणि खत आत्ता द्यायचं का?

लिंबूवाला_पाचोरा
द्या, पण युरिया नको. युरियाने माथ्याचीच लुसलुशीत फूट पळेल आणि मावा बसेल. कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, खोडापासून वीतभर लांब, हलकं खुरपून. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, तर बुडाशी पाणी साचू देऊ नका, रस्त्याकडे एक चर काढा. त्या बाजूच्या तपकिरी काड्यांचं कारण तेही असू शकतं.

धुळ्याचा_मिस्त्री
चर काढताना मुळावर टिकाव घालू नका, फूटभर बाहेरून काढा. आणि बांबू काढू नका अजून, पोळ्याच्या सुमारास हलकी कात्री फिरवायला तीच सुतळी लागेल.